नियमांच्या दप्तरातली थट्टा

इंटरनेटवर एका संगणकाने दुसऱ्याशी कसे बोलावे, निरोपाचे तुकडे कसे पाडावेत, ते पलीकडे पुन्हा कसे जोडावेत, हे ज्या कागदपत्रांत ठरत गेले त्या मालिकेचे नाव आहे 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स'. मराठीत सांगायचे तर 'अभिप्रायासाठी विनंती'. प्रोग्रामर मंडळी तिला आरएफसी म्हणतात. जगभरच्या यंत्रांना बांधून ठेवणाऱ्या नियमांना 'विनंती' म्हणावे, हे चमत्कारिक खरेच. पण या नावात एक युक्ती आहे. थट्टा आणि तांत्रिक सल्ला या दोन गोष्टी सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगात इतक्या गुंतलेल्या का असतात, याचा धागा मला तिथे सापडतो.

पहिली आरएफसी ७ एप्रिल १९६९ ची. लिहिणारा स्टीव्ह क्रॉकर तेव्हा लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत होता. अमेरिकेतल्या चार संशोधनकेंद्रांचे संगणक जोडायचे होते आणि ते एकमेकांशी काय बोलतील हे ठरवण्याचे काम बहुतांशी विद्यार्थ्यांवर येऊन पडले होते. कोणीतरी मोठे, अधिकृत लोक येतील आणि 'तुम्हाला हे कोणी सांगितले होते?' असे विचारतील, ही धास्ती त्यांना होती. क्रॉकरने पुढे सांगितले आहे की घरातल्या मित्रांची झोपमोड नको म्हणून त्याने रात्री न्हाणीघरात बसून हे टिपण लिहिले. 'विनंती' हा शब्द त्या धास्तीतून आला.

त्याच महिन्यातली तिसरी आरएफसी मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. टिपणे कशी लिहावीत याचे नियम तिच्यात आहेत, आणि ते नियम म्हणजे जवळजवळ सगळ्या नियमांतून दिलेली सूट आहे. उदाहरणाशिवाय तात्त्विक मत मांडले तरी चालेल, उत्तराशिवाय नुसता प्रश्न विचारला तरी चालेल, टिपणाची किमान लांबी एक वाक्य. असे का, हेही तिथे सांगितले आहे. छापलेला शब्द अंतिम मानण्याची माणसाला खोड असते आणि घासूनपुसून न झालेले लेखन बाहेर काढायला संकोच वाटतो. हे दोन्ही मोडावे, हा हेतू. (आपल्याकडच्या शोधनिबंधांच्या नियमावलीत असे एखादे कलम असते, तर माझ्यासारख्या पदवीबाहेरच्या माणसाची बरीच वर्षे वाचली असती.)

संकोच मोडायचा म्हटले की थट्टा मागच्या दाराने येतेच. १९७३ च्या जानेवारीत व्हिंट सर्फ यांनी ४३९ क्रमांकाचे टिपण म्हणून एक संवाद छापला. एका बाजूला संशयग्रस्त मनोरुग्णाची नक्कल करणारा 'पॅरी' हा प्रोग्राम, दुसऱ्या बाजूला मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करणारा 'डॉक्टर'. दोघांची गाठ नेटवर्कवरून घालून दिलेली. १ एप्रिल १९७८ ला मार्क क्रिस्पिन यांचे टिपण आले. दूरच्या संगणकावर काम करण्याच्या टेलनेट या पद्धतीत पर्यायांची खोगीरभरती चालली होती. क्रिस्पिन यांनी आणखी एक पर्याय सुचवला. अनेक संगणक अचानक बंद पडण्याची आणि माहिती हरवण्याची सेवा देतातच, पण तिचा कुठे उल्लेख नसतो आणि नवखा माणूस गोंधळतो; तेव्हा ही सेवा नको असल्यास बंद करण्याची सोय वापरणाऱ्याला असावी. मांडणी, मथळे, भाषा, सगळे गंभीर टिपणासारखे. खूण एकच, तारीख.

पुढे १ एप्रिलच्या या टिपणांची प्रथाच पडली. त्यांतले सर्वांत गाजलेले १९९० चे, ११४९ क्रमांकाचे. डेव्हिड वेट्झमन यांनी त्यात कबुतरांमार्फत इंटरनेट चालवण्याची पद्धत घालून दिली आहे. निरोपाचा तुकडा कागदाच्या छोट्या गुंडाळीवर छापायचा, चिकटपट्टीने कबुतराच्या पायाला बांधायचा, पलीकडे उतरवून पुन्हा संगणकात भरायचा. एका खेपेत किती मजकूर जाईल याचे माप मिलिग्रॅममध्ये, साधारण २५६. वाहकाचे वय वाढते तशी ही क्षमताही वाढते, अशी नोंद आहे. शिवाय वाहतुकीची नोंदवही आपोआप तयार होते आणि ती तारांच्या खाचांमध्ये आढळते, असेही. कबुतरे पाळलेल्यांना यावर भाष्य नको.

हसून झाल्यावर लक्षात येते की या टिपणात चूक काहीच नाही. इंटरनेटच्या रचनेतला मूळ सिद्धान्त असा की निरोपाचा तुकडा कशावरून जातो याच्याशी त्या तुकड्याला देणेघेणे नसावे. तांब्याची तार, काचेचा तंतू, उपग्रह, काहीही असो. वरच्या थराने खालच्या थराची चौकशी करायची नाही. मग कबुतर का नको? सिद्धान्त खरा असेल तर तो कबुतरावरही खरा ठरला पाहिजे. आणि तो ठरला. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये लिनक्सप्रेमींच्या एका मंडळाने २८ एप्रिल २००१ ला हा प्रयोग केला. नऊ तुकडे पाठवले, चार उत्तरे परत आली. सर्वांत जलद उत्तराला सुमारे ५३ मिनिटे लागली, सर्वांत उशिराच्या उत्तराला पावणेदोन तासांहून थोडे अधिक. निम्म्याहून जास्त तुकडे हरवले, तरी जे आले ते नियमाप्रमाणे आले. विलंब म्हणजे काय, क्षमता म्हणजे काय, आणि या दोन वेगळ्या गोष्टी कशा, हे नवख्याला समजावण्यासाठी मी या कबुतरांइतके चांगले उदाहरण पाहिलेले नाही. चकत्या भरलेली पिशवी गळ्यात घातलेले कबुतर एकाच खेपेत भरपूर माहिती नेईल, पण तुमच्या 'हॅलो'ला उत्तर मिळायला तासच लागेल.

२००३ मध्ये स्टीव्ह बेलोविन यांनी सुचवले की दुष्ट हेतूने पाठवलेल्या प्रत्येक तुकड्यावर एक दुष्टपणाची खूण असावी, म्हणजे पहारेकऱ्याला ओळखणे सोपे जाईल. चोराने स्वतःहून गळ्यात पाटी अडकवावी, ही अपेक्षा हास्यास्पद आहे हे सांगायला तेवढे पुरे होते. सुरक्षेवरची जाड पुस्तके हेच जास्त पाने घेऊन सांगतात.

सल्ल्याचा सर्वांत दाट अर्क मात्र १९९६ च्या १ एप्रिलला रॉस कॅलन यांनी लिहिलेल्या बारा सत्यांत आहे. पहिले सत्य: ते चालले पाहिजे. प्रकाशाचा वेग कितीही जोर लावून वाढत नाही. पुरेसा रेटा दिला तर डुकरेही उडतात, पण उडवावीत की नाही हा वेगळा प्रश्न. प्रश्न सोडवण्यापेक्षा तो दुसरीकडे सरकवणे सोपे. जुनीच कल्पना नव्या नावाने पुन्हा पुन्हा येत राहील, ती चालो वा न चालो. म्हणींचा जन्म असाच होत असावा. थेट सांगितले तर समोरच्याला लागेल असे सत्य हसत सांगितले की टिकते. नव्या प्रोग्रामरला वरिष्ठाने 'तुझी रचना फसणार आहे' म्हटले तर वाद होईल. 'बाबा रे, तुझे डुक्कर उडतेय खरे' म्हटले तर तो हसतो आणि रात्री घरी जाऊन आराखडा पुन्हा पाहतो.

भाषेच्या अभ्यासकाला आवडेल असे एक प्रकरण इथे सांगायला हवे. या नियमांत 'केलेच पाहिजे', 'करावे' आणि 'केले तरी चालेल' यांचे नेमके अर्थ १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी ठरवून दिले. ते शब्द ठळक दिसावेत म्हणून इंग्रजी मोठ्या लिपीत लिहितात. २०१३ च्या १ एप्रिलला तिघा लेखकांनी यादीत भर टाकली. 'केलेच पाहिजे, पण तुम्ही करणार नाही हे आम्हांला ठाऊक आहे' अशी एक पायरी त्यात आहे. विधिनियमाची भाषा आणि माणसांचे वर्तन यांतली फट इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवली असेल. मराठीत आपण ती पायरी 'बघतो' या एका क्रियापदावर भागवतो.

थट्टेची किंमतही मोजावी लागते. वेबवर पान सापडले नाही की ४०४ हा आकडा दिसतो, तो सर्वांच्या परिचयाचा. १ एप्रिल १९९८ ला लॅरी मॅसिंटर यांनी कॉफीयंत्र चालवण्याचा एक नियमसंच लिहिला. वेबची मूळ भाषा नको त्या कामांसाठी ताणली जात होती, त्यावरची ती टीका होती. चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितले तर तिने ४१८ हे उत्तर द्यावे, अर्थ 'मी किटली आहे'. प्रोग्रामरांनी गंमत म्हणून ते खरोखर आपापल्या साधनांत घातले. २०१७ मध्ये वेबच्या नियमांवर काम करणाऱ्या गटाचे प्रमुख मार्क नॉटिंगहॅम यांनी हे काढून टाका अशी विनंती केली, कारण असे आकडे मोजकेच असतात आणि एक विनोदात अडकून पडला तर उद्या खऱ्या कामाला कमी पडेल. त्यांचे म्हणणे चोख होते. तरीही 'किटली वाचवा' अशी मोहीम उभी राहिली आणि किटली वाचली. २०२२ च्या जूनमध्ये आलेल्या ९११० क्रमांकाच्या आरएफसीत, वेबच्या आजच्या अधिकृत नियमांत, ४१८ समोर 'न वापरलेला' असे लिहिले आहे. हा आकडा विनोद म्हणून इतका पसरला आहे की तो दुसऱ्या कोणाला देता येत नाही, म्हणून राखीव, असा खुलासाही सोबत आहे.

दुसरी किंमत कमी दिसते. या विनोदांवर कुठेही 'विनोद' अशी चिठ्ठी नसते. तारीख पाहायची, सूर ओळखायचा. ज्याची शाळा मराठीत झाली आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकातूनच आली, त्याला ओळख पटण्याआधी दोनदा वाचावे लागते. आणि बाकीचे हसून झाल्यावर हसणारा माणूस पुढचा प्रश्न विचारायला कचरतो. किमान लांबी एक वाक्य ठेवून ज्यांनी संकोच घालवला, त्यांच्याच गंमतीने दाराशी उभ्या असलेल्याचा संकोच वाढवला. लिपीचेही तसेच. १९६९ मध्येच व्हिंट सर्फ यांनी विसाव्या आरएफसीत नेटवर्कसाठी आस्की ही इंग्रजी अक्षरांची सारणी पक्की केली, आणि पुढे ही टिपणे स्वतः तेवढ्याच अक्षरांत लिहिली जात राहिली. कबुतरांना मुभा होती, काना-मात्रेला नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये ७९९७ क्रमांकाच्या टिपणाने ती आडकाठी दूर केली. तेव्हापासून आरएफसी लिहिणाऱ्याला, रोमन लिपीतल्या नावाशेजारी का होईना, आपले नाव देवनागरीतही छापता येते.