कचेरीचे भाडे वाचले, ते कोणाच्या पदरात पडले?

शेतकऱ्याला खर्चाचा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. बी, खत, औषध, मजुरी हे आकडे त्याला तोंडपाठ असतात. शहरातल्या कंपन्यांनाही असाच हिशेब करावा लागतो. त्यांच्या वहीत पगाराबरोबर आणखी एक मोठा खर्च असतो, तो जागेचा. भाडे, वीज, टेबल-खुर्च्या, पहारेकरी हे सारे त्यातच आले. माणसांना घरूनच काम करू दिले तर हा खर्च कमी होतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा पुण्या-मुंबईत नोकरी करणारी कितीतरी मुले-मुली लॅपटॉप घेऊन गावी आली आणि माजघरात बसून कंपनीचे काम करू लागली. तेव्हापासून हा प्रश्न आपल्याही घरातला झाला आहे.

शांघायचा प्रयोग

या पद्धतीत फायदा किती, हे चीनमधल्या सीट्रिप या कंपनीने आधीच तोलून पाहिले होते. प्रवासाची तिकिटे व हॉटेलातल्या खोल्या ठरवून देणे हा तिचा धंदा. शांघायमध्ये जागा महाग, आणि टेलिफोनवर गिऱ्हाइकांशी बोलणारी माणसे नोकरीत टिकेनात. कंपनीचे एक संस्थापक जेम्स लियांग त्या वेळी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होते. तेथील प्राध्यापक निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी रीतसर प्रयोग मांडला.

आपण नवे वाण आधी एका तुकड्यात पेरतो व शेजारी जुने ठेवून पाहतो, तसाच हा प्रकार होता. घरून काम करायला तयार असलेल्यांतून २४९ जण निवडले. घरात कामापुरती वेगळी खोली हवी, ही एक अट होती. ज्यांची जन्मतारीख सम, त्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम करायचे. विषम तारखेच्यांनी कचेरीतच बसायचे. डिसेंबर २०१० पासून नऊ महिने हे चालले.

घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. त्यातले ९ टक्के अधिक वेळ काम झाल्यामुळे, कारण मधल्या सुट्ट्या व आजारपणाच्या रजा कमी झाल्या. उरलेले ४ टक्के घरातल्या शांततेमुळे. नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. माणसामागे वर्षाला सुमारे २,००० डॉलर वाचतील असा अंदाज निघाला, आणि त्यात जागेच्या बचतीचा वाटा मोठा होता.

नाण्याची दुसरी बाजू

पण सारेच गोड नव्हते. अनेकांना एकटेपणा खाऊ लागला. काम तितकेच चांगले असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. दृष्टीआड सृष्टी, दुसरे काय? पुढे ज्याला जे हवे ते निवडण्याची मुभा दिली, तेव्हा प्रयोगातल्या निम्म्याहून अधिक जणांनी आपली जागा बदलली. मात्र ज्याला जे मानवते ते मिळाल्याने कामातली वाढ २२ टक्क्यांवर गेली. म्हणजे सक्तीपेक्षा राजीखुशीने कंपनीचाही अधिक फायदा झाला.

खर्च गेला कुठे?

कंपनीचा खर्च वाचला, तरी तो सगळाच नाहीसा होत नाही. खोली घरची, विजेचे बिल घरचे. मुलगा फोनवर बोलत असताना पोरांना गप्प बसवणारी आई किंवा बायकोही घरचीच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत व्हायला नको.

घरून कामाचा एक जुना दाखला आपल्या मुंबईतच आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड. शाखेतून मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे. लाटण्यासाठी मोठी इमारत लागली नाही, म्हणजे जागेचा खर्च इथेही वाचला. फरक एवढाच की इथे लाटणाऱ्या भगिनी स्वतःच मालक आहेत. नफ्यात त्यांचा वाटा असतो, त्यामुळे वाचलेला पैसा त्यांच्याकडे परत येतो.

आधी विचारून घ्या

तेव्हा घरातल्या मुलाला, लेकीला वा सुनेला असे काम मिळाले, तर आनंद जरूर माना, पण काही गोष्टी लेखी ठरवून घ्या. इंटरनेट व यंत्राचा खर्च कोण देणार? कामाचे तास किती? वीज गेली तर पगार कापणार का? कचेरीत परत बोलावले तर मुदत किती देणार? बाळंतपणाच्या रजेनंतर, काम तसे असल्यास, मालकाशी ठरवून घरून काम करण्याची तरतूद २०१७ साली कायद्यात आली आहे. ती सुनेला-लेकीला जरूर सांगा. आणि घरबसल्या काम देतो म्हणून जो आधी तुमच्याकडेच पैसे मागतो, त्याला दारातूनच परत पाठवा.

गावात राहून शहराचा पगार मिळाला, भाडे-खाणावळ वाचली, म्हाताऱ्या आईबापांना आधार झाला, तर ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त कंपनी जसा आपला हिशेब मांडते, तसा घरानेही आपला मांडावा.