कोरड्या मावळाची सायकल

सायकलच्या दुकानांत गेल्या काही वर्षांपासून मोटारसायकलीला शोभतील अशा जाड टायरच्या सायकली दिसू लागल्या आहेत. फॅट बाइक म्हणून त्या ओळखल्या जातात. मुलाच्या वाढदिवसाला घेतली जाते, महिनाभर सोसायटीच्या आवारात फिरते आणि मग जिन्याखाली धूळ खाते, अशी यांतल्या बऱ्याच सायकलींची गत होते. मुरलेले सायकलस्वार तर तिला नाकच मुरडतात. ही सायकल बर्फासाठी निघाली, आपल्याकडे बर्फ कुठे आहे, असा त्यांचा सवाल असतो. तो वरवर बिनतोड वाटतो, पण या सायकलीची जात न ओळखता केलेला आहे. पुणे जिल्ह्यातला मावळ तालुका डोळ्यांसमोर ठेवला तर असे दिसते की इथे या सायकलीला चांगले सात महिने खरे काम आहे. अडचण एवढीच, की लोक लोणावळ्याला धावतात ते नेमके उरलेल्या पाच महिन्यांत.

बर्फाचा शिक्का अलास्कातून आला. तिथल्या कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या वाटेवर १९८७ साली ‘इडिटाबाइक’ ही सायकल शर्यत सुरू झाली आणि भुसभुशीत बर्फात रुतणाऱ्या चाकांवर उपाय शोधणे भाग पडले. कोणी दोन रिमा शेजारी शेजारी जोडल्या, तर सायमन राकोवर यांनी नेहमीच्या रिमेपेक्षा बरीच रुंद रिम तयार केली. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिची दुसरी बाजू मात्र वाळूची आहे. अमेरिकेच्या दक्षिण सीमेकडे, न्यू मेक्सिको आणि मेक्सिकोच्या वाळवंटात रे मोलिना हे गृहस्थ १९९० च्या दशकात साडेतीन इंची टायर आणि त्याला साजेशा रिमा करवून घेत होते, आणि त्यांना बर्फाशी काही देणेघेणे नव्हते. कोरड्या ओढ्यांची पात्रे आणि वाळूच्या टेकड्या पार करायच्या होत्या. या दोन्ही प्रयत्नांचे धागे पुढे जुळले आणि २००५ मध्ये ‘सर्ली’ कंपनीची ‘पग्सली’ ही ३.७ इंची टायरची सायकल सर्वसाधारण दुकानांत आली. तेव्हा ही सायकल जन्मतःच भुसभुशीत जमिनीची आहे. जमीन पांढरी असली काय आणि तांबडी असली काय, चाकाला त्याचा पत्ता नसतो.

तिचे खरे बळ टायरच्या रुंदीपेक्षा आतल्या हवेत आहे, आणि हे समजले नाही तर पुढचे सगळेच फसते. ८० किलोचा स्वार आणि १५ किलोची सायकल असे ९५ किलो वजन धरू. साध्या माउंटन बाइकच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला ४० पाउंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ किलो दाबाची हवा असेल, तर दोन्ही चाके मिळून जेमतेम ३४ चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतात. हवा आठ पाउंडांवर आणली की तोच आकडा १७० होतो; म्हणजे प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढी जागा. टायरचा ताठपणाही थोडा भार उचलतो, म्हणून हे हिशेब ढोबळ समजावेत, पण प्रमाण खरे आहे. चालताना माणसाच्या एका पावलाखाली जमिनीवर जेवढा दाब येतो, त्याच्या आसपास या चाकाचा दाब येतो. म्हणून ते रुतत नाही. अरुंद टायरमध्ये एवढी कमी हवा ठेवली तर पहिल्याच दगडावर रिम आपटेल आणि ट्यूब चिमटून फुटेल. जाड टायरमध्ये हवेचा साठा मोठा असल्याने ते परवडते. रुंदीचे काम एवढेच, की ती हवा कमी करण्याची मोकळीक देते. आपल्याकडे मात्र पंक्चरवाल्याकडे नेऊन टायर दगडासारखा टणक करून घेण्याची सवय आहे. तसा भरलेला चार इंची टायर प्रत्येक खड्ड्यावर चेंडूसारखा उसळतो, पकडही धरत नाही आणि वजन मात्र पुरेपूर वाहायला लावतो. दहा-वीस हजारांना घेतलेली फॅट बाइक महिन्याभरात नकोशी होते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

आता मावळची जमीन पाहू. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ अशी पवना, इंद्रायणी आणि आंद्रेच्या खोऱ्यांत विभागलेली ही भाताची भूमी. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ इथल्याच खाचरांत वाढला. लोणावळ्याला वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एवढे पाणी उतारावरून धावले की कच्च्या वाटांवरची माती वाहून जाते, खालचे दगड उघडे पडतात, मुरूम सुटा होतो. दिवाळीपर्यंत भात कापून होते, ऊन लागते आणि जानेवारीपासून याच वाटांवर ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांच्या चाकांखाली मातीचे पीठ होते. घोट्याएवढा फुफाटा, त्याखाली लपलेले गोटे, मधूनच गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या: साध्या सायकलचे पुढचे चाक यात रुतते आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या उधेवाडीला जाणारी पंधराएक किलोमीटरची वाट या सगळ्याचा नमुना आहे. पवना धरणाच्या फुगवट्याचा काठ हा दुसरा. धरणाचे पाणी हिवाळ्यापासून खाली उतरू लागते आणि उन्हाळ्यात वाळू, बारीक गोटे आणि भेगाळलेल्या गाळाचे पट्टे मोकळे होतात. अलास्कातल्या बर्फाच्या जवळ जाणारी जमीन मावळात कुठे असेल तर ती या काठावर.

पावसाळ्यात जाड टायर चिखलातून लीलया जाईल हा समज मात्र सर्रास आहे आणि जाहिरातींतल्या चिखल उडवणाऱ्या चित्रांनी तो पोसला आहे. वाळू आणि बर्फ दाबले की आवळतात आणि वरच्यावर भार पेलतात. भातखाचरातली ओली चिकणमाती तशी आवळत नाही, ती सरकते. तिच्यावर रुंद आणि मऊ टायर तरंगतो खरा, पण तरंगणे म्हणजे खालच्या घट्ट थराशी संबंध तुटणे. म्हणून चिखलाच्या शर्यतींत स्वार उलट अरुंद आणि खोल खाचांचे टायर लावतात. ते चिखल कापून तळाचा कठीण थर गाठतात. त्यात जाड टायरला चिकटणारी माती अधिक, आणि ती फ्रेम व चाकाच्या फटीत बसली की चाक फिरेनासे होते. काळ्या कातळावर शेवाळ चढले की मग तर रुंदीचा उपयोग जवळपास शून्य. शिवाय पावसाळी मावळावर आधीच किती ताण आहे हे सांगायला नको. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसह कोसळला. त्या गर्दीत आणखी एक निसरडे वाहन घालण्याचे काही कारण दिसत नाही.

सायकल जड आहे, हा आक्षेप खरा आहे. १५ ते १८ किलो वजन, त्यातले पुष्कळसे चाकांत, म्हणजे दर वेळी वेग घेताना आणि चढावर ते जाणवणारच. डांबरी रस्त्यावर कमी हवेचे पुढचे चाक हँडल एका बाजूला ओढते, आणि मधला आस रुंद असल्याने पायडल लांब पडतात, काहींचे गुडघे कुरकुरतात. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून पुण्याहून लोणावळा गाठायचे असेल तर ही सायकल चुकीचीच. द्रुतगती मार्गावर तर सायकलींना बंदीच आहे. पण भाताच्या मळणीचे यंत्र लग्नाच्या वरातीला चालत नाही म्हणून ते निकामी ठरत नाही. दुसरा, अधिक अभ्यासू आक्षेप असा की शॉक अॅब्सॉर्बर असलेली २९ इंची माउंटन बाइक हेच काम चांगले करते. दगडी, वेगाच्या उतारांवर ते मान्य. धक्का शोषून शांत करणे केवळ हवेला जमत नाही. पण शॉक अॅब्सॉर्बरची देखभाल दर हंगामाला खर्च मागते, आणि मावळच्या धुळीत त्याचे सील लवकर खराब होतात. ज्याला वेग नको, दिवसभर सुट्या मुरमावरून रमतगमत जायचे आहे, त्याला साधी, कमी भागांची फॅट बाइक पुरते. बाकी बॅटरीवरच्या फॅट बाइकने चढाचा प्रश्न सुटतो. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत ती कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. तिचा बाजार वाढेल, आणि राजमाचीच्या वाटेवर त्याने गर्दी वाढेल की जीपगाड्या कमी होतील, हे बघण्यासारखे आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप जमिनीचा आहे: आधीच झिजलेल्या वाटा या चाकांनी आणखी उखडतील. याबाबत अमेरिकेत मोंटानाच्या डोंगरवाटांवर विल्सन आणि सेनी यांनी केलेला १९९४ चा अभ्यास आजही उद्धृत होतो; चालणारे, घोडे, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना करून त्यांनी दाखवले की घोड्यांनी आणि चालणाऱ्यांनी माती अधिक मोकळी केली, चाकांनी कमी. हा निष्कर्ष मळलेल्या वाटांपुरता आहे. त्याचा आधार घेऊन सड्यांवर, जिथे कातळावरच्या बोटभर मातीत पावसाळी रोपे जीव धरतात, सायकल घालायचा परवाना मिळत नाही. लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, कार्ले-भाजे लेणी संरक्षित आहेत. तिथे सायकल पायथ्यालाच राहायला हवी. आणि मोकळी दिसणारी जमीन मोकळी असतेच असे नाही. धरणाच्या उघड्या पडलेल्या पात्रात गाळपेर घेण्याची पद्धत आहे, बांध हा शेतकऱ्याच्या लेखी वाट नसून हद्द आहे, आणि राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, अंथरलेला पालापाचोळा शहरी डोळ्याला कचरा वाटतो. पवनेच्या पाण्यावरून ९ ऑगस्ट २०११ ला झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले. या खोऱ्यात जमीन आणि पाणी हे हळवे विषय आहेत. फॅट बाइक वाटेबाहेर जाऊ शकते हा तिचा गुण, पण मावळात तिने पाणंद, शिवरस्ता आणि गावकीच्या कच्च्या सडकेपुरतेच राहावे. या वाटा भरपूर आहेत आणि बहुतेकांवर डांबर यायला अजून वेळ आहे.

ज्यांना ही सायकल घ्यायची आहे त्यांनी आधी एक दिवस ओळखीच्या कोणाची मागून किंवा भाड्याने घेऊन बघावी, आणि घेताना रंगापेक्षा चाकाची रिम व ब्रेक तपासावेत. डिस्क ब्रेक हवेतच. सोबत कमी दाब नीट दाखवणारा मापक आणि मोठा हातपंप घ्यावा, कारण मोटारींचे मापक दहा पाउंडांच्या खाली भरवशाचे नसतात आणि ही ट्यूब गावच्या दुकानात मिळत नाही. एक जादा बाळगावी. बाभळीच्या काट्यांचा भाग असेल तर ट्यूबमध्ये सीलंट घालावे. डिसेंबर-जानेवारीत तुंगार्लीच्या पुढे डांबर संपले की बारा पाउंडांपासून सुरुवात करून दोन-दोन पाउंड हवा उतरवत जावी. रिम दगडाला लागू लागली की दोन पाउंड पुन्हा वाढवावी, तेच तुमच्या वजनाचे प्रमाण. परतताना डांबरावर येण्याआधी हवा भरून घ्यावी. आणि मेअखेरीस पहिला वळीव पडला की सायकल धुऊन, साखळीला तेल देऊन, दिवाळीपर्यंत घरात ठेवावी.