दोन रंगांची कानटोपी

ठाण्याला लोकर नवी नाही. १९२५ साली येथे सुरू झालेल्या रेमंड वूलन मिलने पुष्कळ कामगारांची घरे चालवली. २००९ साली ठाण्याचा तो कारखाना बंद झाला, त्या जमिनीवर आता टोलेजंग इमारती आहेत. घरातल्या दोन सुया मात्र आपल्याच हातात आहेत.

डिसेंबर-जानेवारीत कल्याण-डोंबिवलीकडे पहाटे चांगलाच गारठा पडतो. लोकलच्या दारात उभे राहून पहिल्या पाळीला जाणाऱ्याचे कान अगोदर गार पडतात. त्याच्यासाठी घरीच कानटोपी विणावी, आणि तीही नक्षीची.

साधा मफलर पुष्कळ भगिनींना येतो. रंगीत नक्षी म्हटली की हात थांबतो. नक्षीचा पहिला प्रयोग मफलरवर करू नये असे आम्ही सांगू. मफलरची मागची बाजू दिसते, आणि तिथे धाग्यांचे जाळे असते. टोपीत ती बाजू आत झाकली जाते. धागा दुहेरी असल्याने ऊबही जास्त मिळते.

स्कॉटलंडच्या उत्तरेला फेअर आइल नावाचे लहानसे बेट आहे. तिथले रंगीत विणकाम जगभर गाजले. पाहणाऱ्याला त्यात खूप रंग दिसतात, पण एका ओळीत दोनच असतात. आपणही दोनच घ्यावेत, एक गडद आणि एक फिका.

आता थोडा हिशेब, तो आमच्या आवडीचा! नमुन्याचा तुकडा दोन रंगांतच विणून मोजावा, कारण नक्षीचे विणकाम साध्यापेक्षा आवळ येते. १० सेंटीमीटरमध्ये २० टाके बसले आणि डोक्याचा घेर ५४ असेल, तर टोपी ५० ची ठेवावी, म्हणजे १०० टाके. शिलाईसाठी दोन जादा घ्यावेत. चार टाक्यांची नक्षी २५ वेळा बरोबर बसते. मुलांच्या आलेख वहीत एक चौकोन म्हणजे एक टाका धरून नक्षी आधी काढावी. खाली ५ सेंटीमीटर दोन सुलट-दोन उलट अशी पट्टी, मग नक्षी. उंची १८ झाली की दोन-दोन टाके एकत्र विणत कमी करावेत, शेवटी उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून आवळावा आणि बाजू शिवावी.

बहुतेकींची टोपी बिघडते ती मागच्या धाग्याने. जो रंग विणायचा नाही तो मागून सैल न्यावा. उलट ओळीत तो आपल्या अंगाकडे येतो. ओढला की टोपी आखडते आणि डोक्यात जात नाही. मग सगळे उसवावे लागते. विणलेले टाके सुईवर पसरून मगच रंग बदलावा. पाचाहून जास्त टाके एकच रंग असेल, तर मधे दोन्ही धाग्यांना एक पीळ द्यावा.

नवी लोकर घेतलीच पाहिजे असे नाही. जुना हाताने विणलेला स्वेटर उसवून लडी करावी, धुऊन ओली टांगावी. धाग्याच्या वळ्या सरळ होतात. कापून शिवलेला कारखान्याचा स्वेटर मात्र उसवू नये, तुकडेच हाती येतात. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुधा अॅक्रिलिक असते. ती स्वस्त आणि धुवायला सोपी, पण आचेने वितळते. स्टोव्हजवळ वाळत घालू नये.