शाल-श्रीफळापलीकडचा सत्कार

शैक्षणिक वर्ष संपत आले की जळगाव-धुळ्याकडे सेवापूर्तीचे समारंभ सुरू होतात. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि मग भाषणे. आयुष्य फळ्यापुढे व प्रयोगशाळेत घालविलेल्या माणसाचा गौरव व्हावा, यात वाद नाही. पण विज्ञानाचा शिक्षक प्रशासनाची खुर्चीही सांभाळतो, तेव्हा त्याचे मोठेपण कशाने मोजायचे? आम्हांला वाटते, त्याच्या मागे काय उभे राहिले, यावरून.

आपल्या खानदेशाचेच पाहा. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मू. जे. महाविद्यालय, दोन्ही १९४५ सालची. मात्र १९९० पर्यंत इथली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. शिकायचे इथे, विद्यापीठाच्या कामासाठी मात्र तोंड पुण्याकडे. शेतमजुराच्या मुलाला ती वाट लांबची. मुलीला तर घरातूनच 'पुरे आता' ऐकावे लागे.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे हे गणिताचे प्राध्यापक. नवे विद्यापीठ म्हणजे नुसती पाटी लावणे नव्हे. अभ्यासक्रम मंडळे, परीक्षा, निकाल, माणसांच्या नेमणुका, सारेच पहिल्यापासून उभे करायचे. बांभोरीजवळच्या परिसरात पुढे रसायन, भौतिक, जीवशास्त्र आणि गणिताच्या प्रशाळा चालू लागल्या. प्रयोगशाळेला पाणी लागते, वीज लागते, रसायने वेळेवर लागतात. त्यातले एक जरी चुकले तरी विद्यार्थ्याचा प्रयोग अडतो. प्रशासकाचे हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण पदवी त्यावरच उभी असते.

त्याचे फळ आपण पाहिले. भौतिकशास्त्राचे प्रा. पी. पी. पाटील २०१६ मध्ये आणि जीवरसायनशास्त्राचे प्रा. व्ही. एल. माहेश्वरी २०२२ मध्ये कुलगुरू झाले. दोघेही याच विद्यापीठात शिकविणारे. संस्था आपली माणसे आपणच घडवू लागली, याहून मोठे मानपत्र कोणते? २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. शाळेची पायरी न चढलेल्या आसोद्याच्या लेकीचे नाव आज पदवीपत्रावर आहे.

वाचकहो, तुमच्या गावातले विज्ञानाचे सर किंवा बाई यंदा निवृत्त होत असतील, तर सत्कार जरूर करा. ज्यांनी घरचा भार उचलला त्या कुटुंबीयांनाही व्यासपीठावर बसवा. पण हाराच्या खर्चातून थोडे वाचवून शाळेला एक सूक्ष्मदर्शक द्या. आणि सरांना विनंती करा, की रविवारी तासभर वस्तीतल्या मुलांना तो हाताळायला शिकवा. निवृत्ती नोकरीतून होते. शिकविण्यातून होऊ नये, एवढेच आमचे मागणे.