कोरडी त्वचा आणि ओलावा देणाऱ्या वनस्पती

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात थंडी बोचू लागली की घरातील वडीलधाऱ्यांच्या नडग्यांवर पांढुरके खवले दिसू लागतात आणि खाजेने रात्रीची झोप मोडते. वयोमानानुसार त्वचेतील स्निग्धता घटते आणि त्वचा पातळ होते. मधुमेह असल्यास खाजवून पडलेल्या चिरेतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातील वृद्धाश्रमांत झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर लावल्याने त्वचा फाटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. त्वचेचा ओलावा जपणे ही हौस नव्हे. ती शुश्रूषाच होय.

मात्र ‘झाडपाला म्हणजे निर्धोक’ हा समज सोडावा. भीमाशंकरच्या परिसरातील हिरडा औषधी खरा; पण त्यातील टॅनिनमुळेच तो कातडी कमावण्यासाठीही वापरतात. असा तुरट, आकसवणारा लेप कोरड्या त्वचेवर नको. बिब्ब्याने तर फोड येतात. लिंबाचा रसही टाळावा.

ओलावा देण्यासाठी कोरफडीचा गर चांगला. पान कापल्यावर काही वेळ उभे ठेवून पिवळा चीक निथळू द्यावा, कारण तो त्वचेला झोंबतो. मग पान धुऊन, सोलून केवळ पारदर्शक गर घ्यावा. वनस्पती तेलांपासूनही मिळणारे ग्लिसरिन पाणी धरून ठेवते. ते पाण्यात मिसळूनच लावावे. खोबरेल तेल हा ओलावा उडू देत नाही.

स्नान कोमट पाण्याने, थोडक्यात उरकावे. अंग न घासता टिपून घ्यावे आणि त्वचा दमट असतानाच गर किंवा ग्लिसरिन व त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. नवा पदार्थ आधी कोपराच्या आतील बाजूस दोन-तीन दिवस लावून पाहावा. उघड्या जखमेवर किंवा पायाच्या बोटांच्या बेचक्यांत काहीही लावू नये. तळपायांना तेल लावल्यास लगेच चालू देऊ नये. घसरून पडण्याचा धोका असतो.

पुरळ नसताना सर्वांगाला खाज सुटत राहिली, तर मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइडचा विकारही त्यामागे असू शकतो. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस न दवडता डॉक्टरांना दाखवावे. एरवी मात्र रोज तेलाचा हात फिरवताना आई-वडिलांच्या पायांकडे नीट पाहा. नवी चीर, सूज किंवा लाली तुम्हालाच सर्वांत आधी दिसेल.