‘ने’ प्रत्यय आणि नुकसानीची जबाबदारी

‘मजुराने कोयत्याने ऊस तोडला.’ या वाक्यात ‘ने’ दोनदा आला आहे : एकदा कर्त्याला, एकदा साधनाला, म्हणजे करणाला. आता ‘एआयने पाणी तोडायला सांगितले’ हे वाक्य पाहा. यातला ‘ने’ कोणता? माळेगाव बुद्रुकसारख्या ऊसपट्ट्यात हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा उरलेला नाही. उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग बारामतीतच झाला आहे.

समजा, एखाद्या ॲपचा सल्ला चुकला व ऊस वाळला. आपल्या कायद्याला यंत्र ही ‘व्यक्ती’ नव्हे. म्हणजे हा ‘ने’ करणाचा. कर्ता शोधायचा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ उत्पादक, विक्रेता आणि सेवापुरवठादार यांच्याकडे बोट दाखवतो. शेतकरी ‘ग्राहक’ ठरतो, हे सदोष बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केले. खरी अडचण पुढे आहे. विनामूल्य सेवा या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहते. शिवाय युरोपीय संघाने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरला स्पष्टपणे ‘उत्पादन’ म्हटले. आपल्या व्याख्येत मात्र त्याचा उल्लेख नाही.

तेव्हा तक्रारअर्जात ‘चुकीचा सल्ला दिला गेला’ असा कर्मणी प्रयोग करू नका. सल्ला कोणी दिला, किती शुल्क घेऊन दिला, ते लिहा आणि पावती जोडा.