वेदांग ज्योतिष आणि जन्मपत्रिका

ज्योतिष हे सहा वेदांगांपैकी एक. त्यामुळे जन्मपत्रिका आणि राशिफल वेदांतूनच आले, असा समज घट्ट रुजला आहे. लगधाच्या नावावर असलेला वेदांगज्योतिष हा ग्रंथ उघडला की हा समज टिकत नाही. पाच वर्षांचे युग, त्याचे १८३० दिवस, २७ नक्षत्रे, तिथी आणि अयने एवढाच त्याचा विषय आहे. यज्ञाचा काळ बिनचूक ठरावा, यासाठी हे गणित मांडले गेले. मेषादी बारा राशी त्यात नाहीत, सात वार नाहीत आणि कुंडलीही नाही.

पुढे या विद्येचे गणित, संहिता आणि होरा असे तीन स्कंध मानले गेले. पत्रिका पाहणे हा त्यांपैकी केवळ होरास्कंधाचा भाग. आर्यभटाचे आर्यभटीय (इ.स. ४९९) हा गणिताचा ग्रंथ असून त्यात फलादेश नाही. आज मात्र ‘ज्योतिषी’ म्हटले की भविष्य सांगणाराच डोळ्यांसमोर येतो. शब्दाचा अर्थ असा आकुंचित झाल्याने मूळ विद्येवर अन्यायच झाला आहे.

होराशास्त्र सर्वस्वी एतद्देशीय आहे, हा दुसरा समज. होरा, केंद्र, द्रेष्काण, पणफर, आपोक्लिम हे त्यातले नित्याचे शब्द ग्रीक भाषेतून आलेले आहेत. हे ऋण जुन्या पंडितांनी लपवले नाही. वराहमिहिराच्या पंचसिद्धांतिकेत रोमक आणि पौलिश हे सिद्धांतही आहेत, आणि या शास्त्रात पारंगत असलेले यवन ऋषींप्रमाणे पूज्य होत, असे बृहत्संहितेत स्पष्ट म्हटले आहे. ज्ञान कोणाकडून आले यापेक्षा ते खरे किती, याला तिथे मोल होते.

राहू चंद्राला गिळतो म्हणून ग्रहण लागते, असे सगळे प्राचीन ज्योतिषी मानत, हेही खरे नाही. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेमुळे होते, हे आर्यभटाने सांगितले आहे. वराहमिहिराने शुभाशुभ फलांनी भरलेल्या बृहत्संहितेतही हेच कारण दिले आहे. फलादेशावर श्रद्धा आणि आकाशाचे अचूक ज्ञान एकाच विद्वानापाशी नांदत होते, ही गोष्ट आजच्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावी.

पंचांगाचे गणित आदिकाळापासून जसेच्या तसे चालत आले, या समजालाही आधार नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये (इ.स. १५२०) ग्रहलाघव रचून ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळली. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे दीर्घकाळ त्यावर चालली. त्यातल्या ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनाशा झाल्यावर एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांवर आधारलेले पंचांग सुरू केले. मकरसंक्रांतीला उत्तरायण लागते, हा समजही याच प्रकारातला. अयनचलनामुळे सायन आणि निरयन गणनांत आता सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. सूर्य मात्र २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो.